सामूहिक वने आणि शाश्वततेचे प्रमाणपत्र

सागाची फळी करवतीखालून बाहेर पडली, की ती कोणत्या जंगलातून आली, ते झाड तोडताना शेजारची किती रोपे मोडली, तोडणाऱ्या मजुराला ठरलेली मजुरी मिळाली की नाही, यांपैकी काहीच तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. चोरट्या तोडीचे लाकूड आणि नियमाने काढलेले लाकूड वखारीत एकमेकांशेजारी रचलेले असते. चोरटे लाकूड बहुधा थोडे स्वस्तच मिळते. कारण जंगल राखण्याचा, वणवा विझविण्याचा व नवी लागवड जगविण्याचा खर्च त्याने उचललेला नसतो. जो जंगल जपतो तो बाजारात मागे पडतो, ही जुनी विसंगती दूर करण्यासाठी गेल्या तीन दशकांत जी व्यवस्था जगभर उभी राहिली, ती शाश्वत वनव्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची होय.

महाराष्ट्रात वनहक्क कायद्यान्वये हजारो ग्रामसभांना सामूहिक वनांवरील हक्क मिळालेले आहेत. बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, हिरडा, डिंक अशा वनोपजांची विक्री आता अनेक ठिकाणी ग्रामसभा स्वतः करू लागल्या आहेत. अशा वेळी प्रमाणपत्राची ही व्यवस्था गावांच्या कितपत उपयोगाची आहे, ती कोठे फलदायी ठरली व कोठे गावाच्या गळ्यात नसता खर्च पडला, याचा विचार करणे उचित ठरेल. आपल्याकडे या विषयाची चर्चा अद्याप बाल्यावस्थेत असली, तरी इतर देशांतील गावांनी या वाटेवर बरीच मजल मारलेली आहे.

व्यवस्थेचा उगम

उष्ण कटिबंधातील अरण्ये झपाट्याने नष्ट होत असल्याच्या बातम्यांनी १९८० नंतरच्या दशकात युरोप व अमेरिकेतील ग्राहक अस्वस्थ झाले आणि तेथे अशा लाकडावर बहिष्काराची भाषा सुरू झाली. परंतु बहिष्काराने जंगल वाचतेच असे नाही. ज्या जंगलातून काही उत्पन्न मिळत नाही ते तोडून तेथे कुरण वा शेत करण्याचा मोह वाढतो. १९९२ च्या रिओ परिषदेत वनांविषयी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार होऊ शकला नाही. त्यानंतर १९९३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे पर्यावरण संस्था, लाकूड व्यापारी आणि आदिवासी व कामगारांचे प्रतिनिधी एकत्र आले व त्यांनी फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजे वन-पालकत्व परिषद, स्थापन केली. तिचे पहिले कार्यालय मेक्सिकोतील ओआखाका येथे होते. २००३ मध्ये ते जर्मनीतील बॉन येथे हलविण्यात आले.

ओआखाका हे स्थळ मोठे सूचक म्हणावे लागेल. तेथील डोंगराळ गावांची सामूहिक मालकीची जंगले १९५६ मध्ये शासनाने एका कागद कारखान्याला २५ वर्षांसाठी दिली होती. गावकरी आपल्याच जंगलात मजूर झाले होते. मुदत संपत आली तेव्हा गावांनी नूतनीकरणास कडाडून विरोध केला, तोड स्वतःच्या हाती घेतली आणि पुढे स्वतःच्या करवत गिरण्याही काढल्या. गडचिरोलीच्या बांबूचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही हकीकत फारशी परकी वाटणार नाही.

युरोपातील लहान वनमालकांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये दुसरी एक व्यवस्था निघाली. ती पीईएफसी या नावाने ओळखली जाते व निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय योजनांना मान्यता देते. आज जगातील बहुसंख्य प्रमाणित जंगल या दोन व्यवस्थांखाली आहे. त्यातील फार मोठा भाग थंड प्रदेशातील विस्तीर्ण सूचिपर्णी जंगलांचा व मोठ्या कंपन्यांचा आहे, ही गोष्ट मात्र विसरता येणार नाही. ज्या उष्ण कटिबंधाच्या काळजीतून हे सारे सुरू झाले, त्याच्या वाट्याला अल्प हिस्साच आलेला आहे.

प्रत्यक्ष कार्यपद्धती अशी असते. परिषद स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ती तत्त्वे व निकष ठरविते. तपासणीचे काम मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्था करतात. जंगलाच्या कायदेशीर हक्कापासून कामगारांची सुरक्षितता, आदिवासींचे हक्क, दुर्मीळ प्रजातींचे रक्षण, व्यवस्थापनाचा लेखी आराखडा आणि वार्षिक तोडीची मर्यादा येथपर्यंत एकूण दहा तत्त्वे आहेत. तपासनीस गावात येतात, तोडीचे कूप पाहतात, नोंदवह्या चाळतात, गावकऱ्यांशी व शेजारच्या गावांशीही बोलतात. ज्या त्रुटी आढळतील त्या दूर करण्यासाठी मुदत दिली जाते. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते. परंतु दरवर्षी पुन्हा तपासणी होते व तिचा खर्चही पुन्हा करावा लागतो.

एवढ्याने काम संपत नाही. जंगलातून निघालेला माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ज्या ज्या हातांतून जातो, त्या प्रत्येकाकडे वेगळे प्रमाणपत्र असावे लागते. यास ताब्याची साखळी असे म्हणतात. गावाने कितीही काटेकोरपणे बांबू काढला, पण मधल्या ठेकेदाराने तो आगारात इतर बांबूत मिसळला, तर पुढे त्या मालावर शिक्का मारता येत नाही. गावपातळीवरील कष्ट एका बेफिकीर आगारात वाया जाऊ शकतात.

पेतेनचा अनुभव

ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतील देशाच्या उत्तर भागात पेतेन हा अरण्यमय प्रांत आहे. प्राचीन माया संस्कृतीची नगरे याच अरण्यात लपलेली आहेत. १९९० मध्ये तेथे सुमारे २१ लाख हेक्टरांचे माया जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झाले. त्याचा काही भाग कडक संरक्षणाखाली, राष्ट्रीय उद्याने म्हणून ठेवला गेला. उरलेल्या मोठ्या भागात मर्यादित वापरास मुभा होती. पिढ्यान्पिढ्या चिकल नावाचा डिंक, खाते नावाच्या ताडवर्गीय झुडपाची पाने आणि रामोन झाडाच्या बिया गोळा करणाऱ्या लोकांनी या घोषणेला विरोध केला. अखेर १९९४ पासून तेथील गावांच्या संघटनांना २५ वर्षांच्या मुदतीने जंगलाचे पट्टे देण्यास सुरुवात झाली. असे १२ पट्टे गावांना मिळाले.

या पट्ट्यांना एक अट होती. पट्टा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत वन-पालकत्व परिषदेचे प्रमाणपत्र मिळविणे व ते टिकविणे गावावर बंधनकारक होते. प्रमाणपत्र गेले तर पट्टाही जाऊ शकत होता. इतरत्र स्वेच्छेची असलेली बाब येथे हक्काची अट होऊन बसली.

कार्मेलिता व उआशाक्तुन ही त्यांतील दोन प्रसिद्ध गावे. कार्मेलिताकडे सुमारे ५४ हजार हेक्टर, तर उआशाक्तुनकडे ८३ हजार हेक्टरांहून अधिक जंगल आहे. या गावांत मुख्य मूल्यवान झाड महोगनीचे. दरवर्षी जंगलाचा एक ठराविक तुकडाच तोडीसाठी खुला होतो. त्यातील प्रत्येक मोठ्या झाडाची मोजणी करून ते नकाशावर मांडले जाते, बियाण्यासाठी राखावयाची झाडे वेगळी ठरविली जातात आणि उरलेल्यांतील मोजकीच तोडली जातात. तोडलेला तुकडा मग काही दशके विश्रांती घेतो. उत्पन्नाचा एक भाग वणवा-रेषा काढणे व गस्त घालणे यांवर खर्च होतो.

याचा परिणाम काय झाला, याविषयी उपग्रह छायाचित्रांच्या आधारे अनेक अभ्यास झाले आहेत. कडक संरक्षणाखालील काही राष्ट्रीय उद्यानांत गुरांची कुरणे व मादक पदार्थांच्या तस्करांच्या धावपट्ट्या पसरत असताना, गावांच्या ताब्यातील प्रमाणित जंगल बव्हंशी उभे राहिले. शासनाने कुंपण घातलेल्या जंगलापेक्षा गावाने कुऱ्हाड चालविलेले जंगल अधिक सुरक्षित राहावे, हा निष्कर्ष अनेक वनाधिकाऱ्यांना विचार करावयास लावणारा आहे.

तथापि, हे श्रेय प्रमाणपत्राचे की हक्काचे? बारा पट्ट्यांपैकी काही पुढे रद्द वा स्थगित झाले. ती गावे मुख्यतः नव्याने आलेल्या शेतकरी कुटुंबांची होती, त्यांच्या जंगलात महोगनी थोडी होती आणि गुरेपालकांनी जमिनी गिळण्यास सुरुवात केली होती. नियम तेथेही तेच होते, अटही तीच होती. परंतु ज्या गावाचे पोट जंगलावर नव्हते त्याला त्या नियमांनी तारले नाही. उलट ज्या गावांत डिंक व पाने गोळा करण्याची जुनी परंपरा होती आणि माल विकत घेणारा ग्राहक होता, तेथे प्रमाणपत्राच्या शिस्तीने संस्थेला बळ दिले. कार्मेलिताच्या पट्ट्याची मुदत २०१९ मध्ये आणखी २५ वर्षांसाठी वाढविण्यात आली. दोन दशकांच्या तपासणी अहवालांचा गठ्ठा त्या वेळी गावाच्या बाजूने उभा होता, हे नाकारता येत नाही.

खाते पानांची कथा येथे थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण ती आपल्या तेंदूपत्त्याशी मिळतीजुळती आहे. ही पाने पुष्परचनेसाठी निर्यात होतात. पूर्वी गोळा करणाऱ्याला पानांच्या संख्येवर पैसे मिळत. त्यामुळे तो दिसेल ते पान तोडी. पुढे त्यातील बरीच पाने डागाळलेली वा फाटकी म्हणून टाकून दिली जात. झुडूप मात्र उगाच ओरबाडले जाई. प्रमाणित विक्री सुरू झाल्यावर गावांनी पैसे देण्याची रीत बदलली. चांगल्या प्रतीच्या पानालाच दाम ठरला, गावातच निवडणूक-शाळा उघडली आणि तेथे प्रामुख्याने स्त्रियांना काम मिळाले. अमेरिकेतील काही चर्च-संघटना ‘पाम संडे’च्या सणासाठी अशीच पाने जादा दर देऊन घेऊ लागल्या. जंगलाची झीज कमी झाली ती मोबदल्याची पद्धत बदलल्यामुळे. शिक्क्याने त्या बदलाला एक निमित्त व एक ग्राहक मिळवून दिला.

क्लॅरिनेटचे लाकूड

टांझानियाच्या आग्नेय भागातील किल्वा जिल्ह्यात म्पिंगो नावाचे झाड वाढते. आपल्या शिसवीचेच हे भावंड. याच्या काळ्याभोर, जड गाभ्यापासून क्लॅरिनेट व ओबो ही वाद्ये बनतात. झाड तोडण्याजोगे होण्यास सत्तर ते शंभर वर्षे लागतात. पूर्वी बाहेरचे व्यापारी परवाना काढून किंवा न काढता हे लाकूड नेत आणि गावाच्या हाती जवळजवळ काहीच येत नसे. टांझानियाच्या २००२ च्या वन कायद्याने गावांना आपल्या शिवारातील जंगल ग्राम-राखीव वन म्हणून घोषित करण्याचा व त्याचे उत्पन्न स्वतः ठेवण्याचा अधिकार दिला. त्यानंतर म्पिंगो कॉन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह या स्थानिक संस्थेने गावांना मोजणी, सीमांकन व आराखडे यांत साहाय्य केले आणि २००९ मध्ये समूह प्रमाणपत्र मिळविले. आफ्रिकेतील गाव-व्यवस्थापित नैसर्गिक जंगलाला मिळालेले हे पहिलेच प्रमाणपत्र होते.

समूह प्रमाणपत्र म्हणजे काय, हे समजून घेणे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रत्येक गावाने स्वतंत्र प्रमाणपत्र घेण्याऐवजी अनेक गावे एका मध्यवर्ती संस्थेच्या छत्राखाली येतात. ती संस्था अंतर्गत तपासणी करते, कागदपत्रे राखते, नवी गावे सामावून घेते. बाहेरचे तपासनीस दरवर्षी काही गावे नमुन्यादाखल पाहतात. खर्च विभागला जातो. परंतु एका गावाचा निष्काळजीपणा सर्वांना भोवू शकतो, हेही त्याबरोबर येते.

किल्व्यातील गावांना लाकडाचा पूर्वीच्या कितीतरी पट भाव मिळाला हे खरे. मात्र त्यातील मोठा वाटा हक्काचा व मोजणीचा होता. गाव विक्रेता झाल्यावर भाव आपोआप वाढला. वाद्ये करणाऱ्या कारखान्यांना लाकूड लागते ते थोडेच, आणि तेही निर्दोष. उरलेले इमारती लाकूड देशातल्या बाजारात जाते व तेथे शिक्क्यासाठी कोणी जादा दाम मोजत नाही.

नेपाळमध्ये २००५ साली दोलखा व बझांग या जिल्ह्यांतील सामुदायिक वनांना असेच समूह प्रमाणपत्र सामुदायिक वन उपभोक्ता महासंघाच्या नावे मिळाले. त्यात लाकडापेक्षा लोकता झुडपाच्या सालीचा हातकागद व सुगंधी तेले यांना महत्त्व होते. गौण वनोपजालाही प्रमाणपत्र मिळू शकते, याचा हा शेजारचा दाखला होय.

खर्च कोणी सोसावयाचा

या सर्व अनुभवांत एक गाठ सारखी आडवी येते, ती खर्चाची. तपासणीचे शुल्क, तपासनिसांचा प्रवास, नकाशे, वनसंपत्तीची मोजणी, नोंदी ठेवणारा माणूस, सुरक्षा-साधने या बाबी जंगल लहान असले तरी टळत नाहीत. केवळ उदाहरणादाखल, पाच वर्षांचा असा सर्व खर्च १० लाख रुपये धरला, तर २ लाख हेक्टरांच्या मोठ्या वनास तो हेक्टरी ५ रुपये पडतो. १,८०० हेक्टरांच्या एका गावास मात्र हेक्टरी ५५५ रुपये पडतो. मोठ्या वनाच्या तपासणीस अधिक दिवस लागतात हे जमेस धरले, तरी तफावत प्रचंडच राहते. परिषदेने लहान व अल्प प्रमाणात तोड होणाऱ्या वनांसाठी तपासणीची सोपी पद्धत काढली, त्याने भार हलका झाला. पण मुळातील असमतोल गेला नाही.

पुष्कळ ठिकाणी पहिल्या प्रमाणपत्राचा खर्च परदेशी देणगीतून झाला. प्रकल्पाची मुदत संपली आणि नूतनीकरणाची वेळ आली, की गावाला प्रश्न पडे : हा शिक्का ठेवून आपल्याला नेमके मिळाले काय? जेथे ग्राहक शिक्का मागत होता तेथे गावे टिकून राहिली. जेथे तो मागत नव्हता तेथे प्रमाणपत्र चौकटीत भिंतीवर टांगलेले राहिले. अधिक भावाची आशा दाखवून गावाला या वाटेने नेणे म्हणूनच जोखमीचे आहे. प्रमाणपत्राने अधिक भाव मिळेलच असे नाही. बहुधा मिळते ती बाजारात शिरण्याची वाट, आणि तीही पुरेसा माल, एकसारखी प्रत व वेळेवर पुरवठा असेल तरच.

दुसरी अडचण भाषेची व लेखनाची. निकष इंग्रजीत असतात. गावाचे नियम बहुधा लोकांच्या तोंडी असतात. कोणत्या डोहात मासे मारावयाचे नाहीत, कोणत्या देवराईत काठीही मोडावयाची नाही, पहिली मोहफुले केव्हा वेचावयाची, हे माडिया वा गोंडी गावात सर्वांना ठाऊक असते, पण कोठेही लिहिलेले नसते. तपासनीस कागद मागतो. ज्याच्याकडे कागद आहे पण जंगल नाही असा उमेदवार, ज्याच्याकडे जंगल आहे पण कागद नाही अशा गावाच्या पुढे निघून जाण्याचा धोका येथे आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतात १९९० पासून संयुक्त वनव्यवस्थापनाखाली गावांना उत्पन्नात वाटा मिळू लागला. हक्क मात्र नव्हता. तो २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला. या कायद्याच्या कलम ३ (१) (झ) नुसार ग्रामसभेला आपल्या परंपरागत सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचा स्पष्ट समावेश आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर असा हक्क मिळाला व २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

पेतेन व महाराष्ट्र यांतील मूलभूत फरक येथे ध्यानी घ्यावयास हवा. पेतेनमधील पट्टा मुदतीचा होता व प्रमाणपत्र ही त्याची अट होती. आपल्या ग्रामसभेचा हक्क मुदतीचा नाही आणि कोणत्याही प्रमाणपत्रावर अवलंबून नाही. पुढे एखाद्या कार्यालयाने, सद्हेतूने का होईना, वाहतूक परवाना, विक्री अथवा अनुदान यांस प्रमाणपत्राची अट जोडली, तर कायद्याने दिलेले ते निकषांच्या जाळ्यात अडकेल. प्रमाणपत्र स्वेच्छेचेच राहिले पाहिजे.

राष्ट्रीय पातळीवर या विषयाचा पाया जुना आहे. भोपाळ येथील भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने १९९८ च्या सुमारास ‘भोपाळ-भारत प्रक्रिया’ या नावाने शाश्वत वनव्यवस्थापनाचे ८ निकष व ४३ निर्देशक तयार झाले होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने भारतीय वन व काष्ठ प्रमाणीकरण योजना जाहीर केली. वनव्यवस्थापन, वनक्षेत्राबाहेरील वृक्ष आणि ताब्याची साखळी अशा तिन्ही प्रकारच्या प्रमाणीकरणाची तीत तरतूद असून ती ऐच्छिक आहे. योजना चालविण्याची जबाबदारी भोपाळच्या त्याच संस्थेकडे आहे. मानके आता देशातच ठरत असल्याने ती मराठीत यावीत, आणि ग्रामसभेचा ठराव व आराखडा यांना त्यांत पुरावा म्हणून मान्यता असावी, ही मागणी करण्यास वाव आहे.

आपल्या काही गावांनी प्रमाणपत्राविनाच जे केले आहे ते कोणत्याही निकषाला उतरावे असे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूची विक्री सुरू केली. परंतु तेंदूपत्ता तोडणे स्वतःहून बंद केले. चांगला पाला येण्यासाठी झाडे छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, आणि फळ धरत नाही म्हणून पाखरे व माणसे दोघेही टेंभुरणीला मुकतात, असे गावाचे म्हणणे. हाती येणारा पैसा सोडण्याचा हा निर्णय होता. बाजारातील शिक्का विकलेल्या मालाला लागतो. न तोडलेल्या पानाला तो कसा लावावयाचा? वन-पालकत्व परिषदेने २०१८ मध्ये पाणी, जैवविविधता, कार्बन अशा परिसंस्था-सेवांची पडताळणी करण्याची एक पद्धत आणली आहे. परंतु तिचा मोबदला देणारा ग्राहक शोधणे लाकडाचा ग्राहक शोधण्याहून कठीण आहे.

अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने निराळा मार्ग चोखाळला. उजाड झालेल्या टेकडीवर वाढविलेल्या जंगलातील सीताफळे गावाने ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट शहरात विकली. येथे तपासनीस नव्हता, पण मालाला गावाचे नाव होते. थोडा माल, जवळचा ग्राहक व गावाची पत असेल तेथे असा साधा व्यापारनामा महागड्या प्रमाणपत्रापेक्षा लाभदायक ठरू शकतो. शेकडो टन बांबू कागद गिरणीला वा अगरबत्तीच्या काड्यांच्या कारखान्याला जावयाचा असेल, तर गोष्ट वेगळी. निर्यातीसाठी कागद व फर्निचर करणारे कारखाने प्रमाणित कच्चा माल शोधत असतात. तेथे ग्रामसभांच्या महासंघाने समूह प्रमाणपत्राचा विचार करावा आणि खरेदीदाराशी आधी लेखी करार करून तपासणीच्या खर्चाचा वाटा त्याने उचलावा असे ठरवून घ्यावे. ग्राहक निश्चित होण्याआधी तपासनिसाला बोलाविणे म्हणजे वऱ्हाड ठरण्याआधी मांडव घालणे.

बांबूच्या बाबतीत निकषांचा बराचसा भाग वनखात्याच्या जुन्या कार्य आयोजनांतच आढळेल. पावसाळ्यात तोड नाही, त्या वर्षीच्या कोंबास हात नाही, बेटात पुरेसे पक्व बांबू राखावयाचे, जमिनीलगत वितीच्या उंचीवर स्वच्छ छाट द्यावयाचा, एका कुपात काही वर्षांच्या अंतरानेच परतावयाचे, हे नियम वनरक्षकाला पाठ असतात. गावाला त्याची कारणे पटतात, कारण बेट गुदमरले की काय होते हे गावाने पाहिलेले असते. उणीव असते ती नोंदीची. कोणत्या कुपातून, कोणत्या तारखेस, किती बांबू निघाले, मजुरी किती वाटली, बेटे किती राखली, एवढी पाच सदरांची वही तीन हंगाम नेटकी ठेवली, तरी प्रमाणपत्राचे निम्मे काम होते. ते प्रमाणपत्र पुढे न घेतले तरी व्यापाऱ्याशी हिशेब करताना तीच वही कामी येते. गावातील शिक्षकांचे साहाय्य येथे फार मोलाचे ठरेल. जैवविविधता नोंदवही व नमुना-क्षेत्रांची मोजणी वरच्या वर्गांतील मुलांकडून करून घेता येते. जिल्हास्तरीय अभिसरण समितीने आराखड्यांसाठी निधी देताना या वह्यांसाठी व हिशेबनिसाच्या मानधनासाठी तरतूद केल्यास तो खर्च वाया जाणार नाही.

आणखी एक बदल क्षितिजावर आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडमुक्त मालाविषयी नियम संमत केला. लाकूड, रबर, कॉफी आदी वस्तू ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरच्या नाहीत, हे त्या जमिनीच्या अक्षांश-रेखांशांसह आयातदाराने दाखवावयाचे आहे. अंमलाची तारीख एकाहून अधिक वेळा पुढे गेली असली, तरी दिशा स्पष्ट आहे. केवळ प्रमाणपत्र दाखवून या नियमातून सुटका होत नाही. मालाचे उगमस्थान नकाशावर दाखवावे लागते. सामूहिक वनहक्काच्या अनेक दाव्यांत मात्र कक्ष क्रमांक आहेत, चतुःसीमा आहेत, पण मोजणीचा अचूक नकाशा नाही. काही ठिकाणी शेजारच्या दोन ग्रामसभांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या आहेत. भूमी अभिलेख, वन व महसूल खात्यांच्या संयुक्त मोजणीने हे नकाशे पुरे करून ग्रामसभेच्या दप्तरी दिले जाणे निकडीचे आहे. या कामासाठी कोणत्याही परदेशी तपासनिसाची वाट पाहावी लागत नाही, आणि येत्या बांबू हंगामापूर्वी एकेका तालुक्यात त्याची सुरुवात होऊ शकते.